उभ्याने थापलेल्या भाकरी

पत्रा तापला की राधाची चकती सुटायची.

एप्रिल लागल्यापासून हे रोजचं झालं होतं. अकरा वाजले की गोवंडीतल्या त्या गल्लीत खोल्यांचे पत्रे तव्यासारखे तापत, पंखा गरम वारा खाली ढकलत राही, आणि राधाच्या पोटावर डाव्या अंगाला चिकटवलेली प्लास्टिकची चकती घामाने कडेकडेने उचलायला लागे. चकतीला पिशवी लावलेली होती. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी तिची खालची वाट कायमची शिवून टाकली होती आणि आतड्याचं टोक पोटावर काढून दिलं होतं. आता शौच तिथून येई आणि त्या पिशवीत साठे. चकती उचलली की आधी कातडीला खाज सुटे, मग ओल लागे. राधा हातातलं काम तसंच टाकून मोरीच्या पडद्याआड जाई.

ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. माहेर-सासर दोन्ही जालन्याकडचं. नवरा भीमराज चेंबूरला एका सोसायटीत पाण्याचा पंप चालवायचा. सात मजल्यांना पाणी चढवून तो घरी आला की आपल्या गल्लीतल्या नळावर हंडा लावून उभा राही, कारण इथे पाणी दिवसाआड यायचं. एकुलती मुलगी तेजल घाटकोपरला चष्म्याच्या दुकानात कामाला होती.

राधाचं काम भाकरीचं. हळदी, लग्नं, जयंतीची जेवणं, जिथे ज्वारीची भाकरी लागेल तिथे तिची सहा बायकांची टोळी जायची. दोनशे माणसांचं जेवण असलं तर दुपारी तीनला भट्टी पेटायची आणि सातला भाकरीची चळत टोपल्यात बसलेली असायची. राधा टोळीची म्होरकी. तिची भाकरी परातीत फिरता फिरता आपोआप गोल होई, तव्यावर टाकताना चिरत नसे. उपनगरातले निम्मे आचारी तिला नावाने ओळखत.

रक्त पडायला लागलं तेव्हा तिने मूळव्याध समजून आठ महिने अंगावर काढलं. सांगायचं कुणाला आणि काय म्हणून, हाच प्रश्न होता. शेवटी तेजलने तिला धरून परळच्या हॉस्पिटलात नेलं. किरणं झाली, ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली. केस गेले आणि परत आले, पण आधीपेक्षा कुरळे आले. मार्चमधल्या तपासणीत डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की आता काही दिसत नाही, तीन महिन्यांनी या, आणि नेहमीसारखं राहा.

नेहमीसारखं राहायचं म्हणजे काय, ते राधाला उमगत नव्हतं. गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडास होता. पिशवी रिकामी करायला तिला इतरांपेक्षा जास्त वेळ लागे, आणि बाहेर रांगेतल्या बायका दार वाजवत. एकदा कुणीतरी म्हणालं, आत झोपली की काय ही. तेव्हापासून ती पहाटे रांग लागायच्या आत जाऊन येई आणि दिवसभर पिशवी भरू नये म्हणून अर्धीच भाकरी खाई. कांदा सोडला, अंडं सोडलं, डाळ सोडली. वाऱ्याची दिशा बदलली की सगळ्या वस्तीवर कचऱ्याच्या डम्पिंगचा वास पसरायचा, लोक त्या वासात जेवायचे, झोपायचे. राधाला मात्र फक्त स्वतःचाच वास येतोय असं वाटे. ती पदर नाकाशी नेऊन हुंगायची. ती भीमराजपासून लांब, दाराशी अंथरूण टाकून झोपायची. त्याने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

हॉस्पिटलात पिशवीवाल्या पेशंटसाठी एक वेगळी खोली होती. तिथल्या इरावती सिस्टरांनी एप्रिलमध्ये तिचं वजन केलं आणि काटा पाहून चष्मा काढला.

"कॅन्सरने नाही मेलीस, आता उपाशी मरणार आहेस का?" त्या म्हणाल्या.

मग त्यांनी तिला घामाचं सांगितलं. चकती लावायच्या आधी कातडी नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, साबण-तेल काही नाही. वरून कापडी पट्टा बांधायचा. जड उचलायचं नाही, पोट दुमडून तासन्‌तास बसायचं नाही. जवळ नेहमी दुसरी चकती कापून तयार ठेवायची. राधाने मान डोलावली. पोट दुमडून बसायचं नाही म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे भट्टीजवळचा पाट आला. भाकरी काय उभ्याने थापायची असते?

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात जया आली. जया तिच्या बरोबरीची, टोळीतली सगळ्यात जुनी. वर्षभर टोळी तिनेच सांभाळली होती. नाहूरला एका हॉलवर हळद होती, तीनशे माणसं. तिने आधी तब्येतीचं विचारलं, मग बराच वेळ पाण्याचा ग्लास हातात फिरवत राहिली. शेवटी म्हणाली की एक बाई गावाला गेलीय, राधा नुसती येऊन बसली तरी बाकीच्यांना धीर येईल.

भीमराज दारात चपला काढत होता. त्याने सरळ नाही म्हटलं. भट्टीजवळची उष्णता, तिथला संडास कसा असेल देव जाणे, आणि काही झालं तर धावायचं कुणी. त्याचं बोलणं खोटं नव्हतं. राधा ऐकून घेत भांडी घासत राहिली. जया गेल्यावर ती म्हणाली, "अवो, मी वर्षभर या पत्र्याखाली भाजतेच आहे. तिथं भाजले तर चार माणसांत तरी भाजेन."

तो हंडा घेऊन नळावर गेला. पण हळदीच्या दिवशी कामावरून अर्धी रजा टाकून त्याने तिच्यासाठी दोन बाटल्या पाणी भरलं आणि तेजलने जुन्या डब्याच्या पिशवीत कापलेली चकती, नवी पिशवी, मऊ फडकं, कागद आणि एक परकर घालून दिला.

हॉलच्या मागे पत्र्याची शेड होती. गॅसच्या तीन भट्ट्या जमिनीवर, त्यांच्यासमोर पाट. बायकांनी राधाला पाहून हात धरले, कुणी डोळे पुसले. मग जयाने तिला कोपऱ्यात खुर्ची दिली आणि भाकऱ्या मोजून टोपलीत रचायचं काम दिलं. ते काम आजवर टोळीत नवी आलेली पोरगी करत असे. राधाने टोपली पुढे ओढली. समोर तिच्या नेहमीच्या पाटावर सपना बसली होती. सपना तिशीतली, दोन वर्षांपूर्वी राधानेच तिला टोळीत घेतलं होतं.

पहिल्या दहा भाकऱ्यांतच गडबड दिसली. परातीत थापताना कडा फाटत होत्या, तव्यावर टाकताना दोन तुकडे होत होते. सपना पाणी वाढवत होती, तसतशी भाकरी जास्तच फुटत होती. जयाची पण तीच गत. आचारी येऊन बघून गेला आणि तोंड वाकडं करून गेला. राधा उठली, पोत्यातलं पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहिलं. जुन्या ज्वारीचं होतं, विरी गेलेलं. त्याला चिकटपणाच उरला नव्हता. तिने एका टोपात पाणी उकळायला ठेवायला सांगितलं. थोडं थोडं पीठ घेऊन उकळतं पाणी घालायचं, झाकून ठेवायचं, मग गरम असतानाच मळायचं, म्हणाली.

गरम पीठ मळायला कुणाचा हात होईना. राधाने बांगड्या मागे सारल्या. पण पाटावर बसायला गेली तसा पट्टा पोटात रुतला आणि ती तिथेच थांबली. भाजी चिरायचं एक लोखंडी टेबल भिंतीला लावलेलं होतं. तिने ते रिकामं करून घेतलं, परात वर ठेवली, एका भट्टीखाली विटा रचून ती उंच करायला लावली आणि उभी राहिली.

पहिली भाकरी जाड झाली. उभ्याने हाताचा जोर वेगळा पडत होता, खांद्यातून येत होता. दुसरी जरा बरी. पाचवीपासून हात सापडला. वर्षभर ज्या हातांनी फक्त स्वतःच्या अंगाची उस्तवार केली होती ते हात परातीत थपाथप पडायला लागले. भाकरी तव्यावर पडली, पाणी फिरलं, उलटली, निखाऱ्यासारख्या तापलेल्या जाळीवर फुगली. राधाने वर पाहिलंच नाही. साठ-सत्तर भाकऱ्या झाल्या असतील. कपाळाचा घाम भुवयांवरून डोळ्यांत जात होता, मानेवरून पाठीत उतरत होता.

मग खाज आली. तिने अजून दोन भाकऱ्या टाकल्या. मग ओल लागली.

हॉलच्या मागच्या संडासात दिवा होता, कडी होती, पण नळ कोरडा होता. तिच्याजवळच्या दोन बाटल्यांतली एक संपली, दुसरी अर्धी झाली तरी कातडी स्वच्छ होईना. तिने दार थोडं उघडून सपनाला हाक मारली, बादलीभर पाणी आणायला सांगितलं. सपनाने बादली आणली. दारातून आत देताना तिची नजर फरशीवर गेली. तिथे काढलेली पिशवी होती. सपना बादली तिथेच टेकवून मागे सरली.

राधाला आवरायला वीस मिनिटं लागली. तिने परकर बदलला, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, दोनदा धुतले. शेडमध्ये आली तर भट्ट्या चालूच होत्या. तिच्या टेबलावरची परात कुणीतरी उचलून खाली ठेवली होती. सपना जयाकडे बघून बोलत होती, राधाकडे नाही. म्हणत होती की आपल्याला काही वाटत नाही, पण उद्या लोकांना कळलं की पोटावर शौचाची पिशवी बांधलेल्या बाईने भाकरी थापल्या, तर टोळीला कोण बोलावणार? त्या हाताचं अन्न कोण खाणार?

राधाचे हात अजून ओले होते. ती म्हणाली, "सपना, माझ्या आजीला गावात पाणी वरून ओतायचे. वीतभर अंतर ठेवून. तुझ्याही आजीला तसंच ओतत असतील. त्यांच्या हाताला काय लागलेलं होतं?"

सपनाचा चेहरा पडला, पण ती उठली नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी जयाने ती उलटली. मग जया खाली बघूनच म्हणाली, "राधे, आजच्या दिवस बस तू. उद्या बघू."

राधा खुर्चीवर बसली नाही. तिने डब्याची पिशवी उचलली आणि रिक्षा करून घरी आली. भीमराजने तिचा चेहरा पाहिला. मी सांगितलं होतं, असं तो म्हणेल म्हणून ती वाट बघत होती. त्याने फक्त तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आतलं ओलं फडकं धुवायला मोरीत नेलं. पडद्याआड पाण्याचा आवाज येत राहिला. तो बाहेर आला तेव्हा फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि म्हणाला की तेजलने दाखवून ठेवलंय, चकती कशी कापायची ते आपल्यालाही येतं. राधाला हे माहीत नव्हतं. बापलेकीने तिच्या माघारी बसून हा अभ्यास केला होता. ती भिंतीला टेकून रडली, आणि तो शेजारी बसून राहिला. त्या दिवशी तिने दाराशी अंथरूण घातलं नाही.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी जया आली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. तिने आत येऊन दार ओढून घेतलं. भाकरी कमी पडल्या होत्या हे तिने सांगितलं, आचारी बोलला तेही सांगितलं, पण ती त्यासाठी आली नव्हती. गेले चार दिवस झोप नाही म्हणाली. आपण सपनाला गप करायला हवं होतं, ते झालं नाही, कारण आपल्यालाही आतून भीती वाटली.

"मला दाखव," जया म्हणाली. "न बघता काय काय डोक्यात येतं गं."

राधाने आजवर ते घरच्या माणसांशिवाय आणि सिस्टरशिवाय कुणाला दाखवलं नव्हतं. मग उठून तिने साडीचा ओचा सैल केला आणि पिशवी चकतीवरून सोडवली. जया वाकली. पोटावर लाल, ओलसर, लहान टोमॅटोएवढा गोळा होता. ओठांच्या आतल्या कातडीसारखा. तो हळूच आकसला आणि परत फुलला.

"दुखतं?"

"नाही. त्याला काही कळतच नाही."

जयाने नीट पाहिलं, शेजारची पिवळी पडलेली कातडी पाहिली, ऑपरेशनचा लांब व्रण पाहिला. मग सरळ होऊन म्हणाली, "एवढंच? मी तर काय समजत होते." आणि तिने चहा टाकायला सांगितलं, साखर जास्त घाल म्हणाली.

त्या मोसमात राधा अकरा जेवणांना गेली. जयाने आचाऱ्यांना आधीच सांगायला सुरुवात केली की एक टेबल लागेल, आणि नळाला पाणी असलेला संडास लागेल. का ते कुणी विचारलं तर बायका माणसंच असतात, एवढं उत्तर ती द्यायची. मुलुंडच्या एका लग्नात राधा टेबलाशी उभी असताना गुडघे धरलेली एक बाई पाटावरून उठून तिच्या समोरच्या बाजूला येऊन थापायला लागली. मे संपेपर्यंत तिघी उभ्याने थापत होत्या.

सगळं काही सरळ झालं नाही. दोनदा चकती सुटली. एकदा रिक्षात सुटली, आणि राधा घाटकोपरपासून घरापर्यंत पोटावर हात दाबून, रस्त्याकडे बघत आली. सपना टोळीत राहिली, पण ती राधापासून लांबच्या भट्टीवर बसायची, आणि जेवायची वेळ आली की ताटात भाकरी घेताना तिचा हात क्षणभर टोपल्यावर थांबायचा, कोणती कुणाची ते बघत. राधाला ते दिसायचं. मेच्या शेवटी कधीतरी तो हात थांबायचा बंद झाला. सपनाने माफी मागितली नाही आणि राधाने ती मागेल म्हणून वाटही पाहिली नाही. एकदा एवढंच झालं की सपनाने तिला विचारलं, आपल्या सासूला सहा महिन्यांपासून रक्त पडतंय, लोक मूळव्याध म्हणतात, काय करावं. राधा दुसऱ्याच दिवशी त्या सासूला घेऊन परळला गेली. तिची खरंच मूळव्याध निघाली.

राधा आता भरपेट जेवायची. कांदा खायची, वांगं खायची. गल्लीतल्या संडासावर कुणी दार वाजवलं तर आतून सांगायची की वेळ लागेल, घाई असेल त्यांनी शेजारचं दार बघावं. वजन पाच किलो वाढलं. भीमराज म्हणायचा, आता भांडायला जोर आला.

जूनमध्ये तपासणीची तारीख आली. राधा एकटीच गेली. रक्त देऊन, फोटो काढून ती इरावती सिस्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. नंबर बराच मागे होता. शेजारी साठीचा एक माणूस बसला होता, पांढरा सदरा, मांडीवर जाड फाइल. त्याची बायको कागदांवर शिक्के मारून आणायला गेली होती. पंखा लांब होता, बाकावर गर्दी होती, त्यामुळे दोघं अगदी खेटून बसले होते. तो आपण होऊनच बोलायला लागला. नाव धाकू, बोरीवलीला राहणारा, गाव कुडाळकडे. बाप गिरणीत होता, हा सुतारकाम करायचा. आणि दर शनिवारी मंडळाच्या भजनात पखवाज वाजवायचा, चाळीस वर्षं. त्याने पखवाजाच्या एका तोंडाची शाई, दुसऱ्या तोंडाला थापायची कणिक, गावच्या गणपतीतली रात्ररात्र चालणारी भजनं, सगळं सांगितलं. राधाने तिच्या भाकऱ्यांचं सांगितलं. मध्ये तिने डबा काढून खाल्ला. असा तास गेला, वर अर्धा गेला.

मग तो फाइलवर बोटं वाजवायला लागला. हलक्या आवाजात म्हणाला की डॉक्टर पोटावर पिशवी लावायचं म्हणतायत, जन्माची. बायकोने इथे दाखवायला आणलंय. पण आपण ऑपरेशन करणार नाही, ठरलंय.

"मी मेलंय तरी चलात," धाकू म्हणाला. "पखवाज मांडयेवर घेवन बसाचा लागता. आणि भजनात माका बसवन कोण घेतलो? वास येतलो."

राधाने डब्याचं झाकण लावलं.

"दादा," ती म्हणाली, "दीड तास झाला तुम्ही मला खेटून बसलाय. आला वास?"

धाकूला आधी समजलं नाही. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या साडीच्या निऱ्यांकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली. तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. बोटं फाइलवर थांबली होती.

"नाय," तो म्हणाला.

त्याची बायको कागद घेऊन आली. तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं. तो फाइल काखेत मारून उठला, दारापर्यंत गेला आणि बायकोला पुढे जाऊ देऊन मागे वळला.

"तुमी आसात मां हयसर?" त्याने विचारलं. "माका आणखी इचारूचा आसा."

राधा म्हणाली, आहे की. डब्याची पिशवी पायाशी सरकवून ती त्याची जागा धरून बसली.